पट मोजला, अंतर कोणी मोजले?

वाडीवरची शाळा बंद होणार म्हटले की वादाचे चित्र ठरलेले असते: प्रशासनाकडे आकडे, पालकांकडे भावना. पहिला गैरसमज हाच. पालकही आकडाच मांडत असतात, फक्त तो वेगळा असतो. शिक्षण विभाग पट मोजतो, पालक अंतर मोजतात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवण्यात आली. तेव्हा अशा शाळा पावणेपंधरा हजारांच्या घरात निघाल्या. त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुले होती आणि तीस हजारांच्या आसपास शिक्षक. एका शिक्षकामागे सहा मुले हा हिशेब कागदावर उधळपट्टीचा दिसतो, पण त्यात मुलाच्या घरापासून पुढची शाळा किती लांब आहे, याचा रकानाच नाही.

‘कायद्यानेच वीस मुलांची अट घातली आहे’, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३ मुलाला त्याच्या परिसरातील शाळेत शिकण्याचा हक्क देते आणि कलम ६ तिथे शाळा उभारण्याची जबाबदारी सरकार व स्थानिक संस्थांवर टाकते. परिसर म्हणजे किती, हे महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी ठरवले: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन. वीसचा आकडा याच नियमांत येतो, पण नवी शाळा कुठे काढायची याच्या संदर्भात. शाळा उघडण्याची पात्रता तीच शाळा मिटवण्याची कसोटी कशी ठरली, याचे उत्तर नियमांत सापडत नाही. उलट कायद्याच्या अनुसूचीत साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. लहान शाळा राहणारच, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते.

‘पट घटला म्हणजे लोकांनीच शाळा नाकारली’, हा आणखी एक समज काही ठिकाणी खराही आहे. तालुक्याच्या गावाजवळ इंग्रजी माध्यमाची पिवळी व्हॅन दारात येते आणि जिल्हा परिषदेचा वर्ग रिकामा होतो. अशी शाळा पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत विलीन करायला कोणी फारसा विरोधही करत नाही. पण सह्याद्रीतला धनगरवाडा, सातपुड्यातला पाडा, मराठवाड्यातला तांडा यांचे गणित वेगळे. पंधरा-वीस उंबऱ्यांच्या वस्तीत सगळी मुले शाळेत आली तरी पट दहा-बाराच भरतो. त्यात मुलेही आता कमी जन्मतात: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्याचा एकूण जननदर, म्हणजे बाईमागे मुलांची सरासरी, १.७ निघाला. कुटुंब लहान ठेवा म्हणून भिंती रंगवणाऱ्यांनीच आता मुले कमी का, असे विचारावे, यात थोडी गंमत आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप दर्जाचा. एक शिक्षक चार इयत्ता एकत्र घेतो, वर्गात बरोबरीचा सवंगडी नाही, खेळायला संघ नाही. हे खोटे नाही, आणि दोन मुलांच्या शाळेचे आंधळे समर्थन कोणी करू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान शाळांच्या अडचणी मांडल्या आहेत. मात्र विलीनीकरण अत्यंत विचारपूर्वक आणि शाळेपर्यंतची पोहोच कमी होणार नाही याची खात्री असेल तरच करावे, असे तेच धोरण सांगते. त्याचा भर शाळा आपापल्या जागी ठेवून शिक्षक आणि साधने वाटून घेणाऱ्या शाळा-संकुलांवर आहे. ही कल्पना १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगापासूनची. मोठ्या शाळेत गेले की मूल आपोआप पुढे जाते, हेही अनुभवाला धरून नाही. शिकागोत २०१३ मध्ये पालकांचा तीव्र विरोध डावलून सुमारे पन्नास शाळा बंद झाल्या. बहुतेक मुले अधिक चांगल्या मानांकनाच्या शाळांत गेली. तरीही शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांना बंदची घोषणा झाली त्याच वर्षी मुलांचे गुण घसरलेले दिसले, आणि गणितातली पिछाडी पुढे काही वर्षे भरून निघाली नाही. अफगाणिस्तानातील घोर प्रांतातला प्रयोग तर थेट अंतराचाच होता. चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या गावांत गावातच लहान शाळा काढल्या, तेव्हा मुलींची शाळेतली नोंद ५२ टक्के-बिंदूंनी वाढली. शाळा दूर असली की आधी मुलगी घरी राहते, हे आपल्याकडच्या पालकांना संशोधनाशिवायही ठाऊक आहे.

यावर उत्तर मिळते, ‘गाडी देऊ’. आसपासच्या लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याच्या २१ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयात तोरणमाळ आणि पानशेत हे नमुने पुढे केले होते. नमुना उभारायला प्रशासनाचे लक्ष आणि पैसा दोन्ही लागतात. ते हजारो वाड्यांना सारखे मिळेल, हे मानणे धाडसाचे. समग्र शिक्षा योजनेत प्रवासासाठी एका मुलामागे वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंतची तरतूद आहे. शाळेचे दिवस दोनशे धरले तर रोजचे तीस रुपये. त्या पैशात डोंगरातल्या वाडीवर रोज दोनदा जीप कोण आणणार? आणि आषाढात ओढा फुगला की जीपही अलीकडेच थांबते. साताऱ्यातील खिरखिंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगल तुडवत शाळेला जात होत्या, याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. त्याच वर्षी इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले शाळा बंद झाल्यावर बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली: शाळा द्या, नाहीतर बकऱ्या तरी वळायला द्या. ही नुसती भावना म्हणायची, तर मग युक्तिवाद कशाला म्हणायचे?

आता पैशाचा मुद्दा. शाळेला कुलूप लागले की खर्च वाचतो, असे वाटते. पण मोठा खर्च पगाराचा, आणि कायम शिक्षकाचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते, पगार तोच राहतो. पोषण आहाराचा खर्च मुलागणिक असतो, तो मुलाबरोबर पुढच्या शाळेत जातो. वाचते ते वीजबिल, किरकोळ अनुदान आणि खिचडी शिजवणाऱ्या गावातल्या बाईचे मानधन. खरी बचत नंतर होते, शिक्षक निवृत्त झाल्यावर त्याचे पद न भरण्यातून. तसे करायचे असेल तर शिक्षक कमी करायचे आहेत, असे सरळ सांगावे. ‘शाळा बंद करत नाही, समायोजन करतो’, या वाक्यात वाडीवरची पाटी उतरतेच.

एक गैरसमज पालकांच्या बाजूचाही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात, म्हणून समितीने ठराव केला की शाळा वाचली, असे अनेकांना वाटते. कायद्याने समितीला देखरेखीचे आणि शाळा विकास आराखड्याचे काम दिले आहे, नकाराधिकार नव्हे. ठरावाने नोंद होते, निर्णय थांबत नाही. त्यापेक्षा प्रत्येक घरापासून पुढच्या शाळेपर्यंतचे अंतर मोजून, वाटेतले ओढे आणि रस्ते दाखवून केलेली तक्रार जड जाते, कारण तिचा रोख थेट नियमातल्या एक किलोमीटरवर असतो. उत्तर प्रदेशात जून २०२५ मध्ये कमी पटाच्या शाळा एकमेकींना जोडण्याचा आदेश निघाला. सीतापूरच्या मुलांची याचिका उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने फेटाळली, पण खंडपीठाने त्या जिल्ह्यात ‘जैसे थे’ ठेवायला सांगितले. त्यानंतर सरकारने जाहीर केले की, एक किलोमीटरपेक्षा दूरची प्राथमिक शाळा जोडली जाणार नाही. अंतर मोजण्याचे हे काम जूनचा आदेश काढण्याआधीही करता आले असते.