उभी गाडी कुठे ठेवायची?

ग्रामसंघाची नवी गाडी आलेल्या एका गटाने मागच्या बैठकीत विचारलं, "पूजा झाली, ड्रायव्हर मिळाला, आता काय बघायचं?" मी म्हटलं, गाडी दिवसात किती तास चालते ते मोजा. त्यांनी मोजलं. चालते पाच तास, उभी राहते एकोणीस तास. म्हणून आज उभ्या गाडीबद्दल बोलू.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली. गटाच्या बाईने कर्ज घेऊन प्रवासी गाडी चालवायची, अशी ती योजना. कर्ज कुठूनही घेतलेलं असो, गाडी आठ दिवस गॅरेजला पडली तर कमाई बंद होते, हप्ता मात्र बंद होत नाही.

आधी सावली. आपल्याकडे चैत्र-वैशाखात बंद गाडीची भट्टी होते. स्टिअरिंगला हात लावता येत नाही, रबर आणि सीट तडकतात. पण बाजारात सकाळी दहाला सावली दिसली म्हणून तिथे गाडी लावू नका, दुपारी तीनला सावली कुठे पडेल ते बघा. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला असतो, म्हणून इमारतीच्या पूर्वेच्या बाजूला गाडी लावली तर ती उन्हातून वाचते. आणि लेकरू झोपलंय म्हणून पाच मिनिटंसुद्धा त्याला बंद गाडीत ठेवायचं नाही. काच थोडी उघडी ठेवली तरी नाही.

झाडाखाली लावायची तर कोणतं झाड, ते बघायला हवं. मोहोराच्या दिवसांत आंब्यावर तुडतुडे असतात. त्यांचा चिकटा टपावर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. बगळे आणि कावळे मुक्कामाला बसतात ते झाडही नको. पक्ष्यांची विष्ठा रंग खाते. ती कोरड्या फडक्याने घासू नका, आधी पाण्याने भिजवा. पावसाळ्यात जुनं, पोखरलेलं झाड तर नकोच.

सगळ्यात जपायचं ते मोहाच्या झाडाला. अक्कलकुवा-धडगावकडे फाल्गुन-चैत्रात फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. वेचणारी बाई पहाटे येते, तिला तुमची गाडी तिथे आहे हे माहीतही नसतं. तिला दोष कसा द्यायचा? झाड तिचं आहे.

वाळल्या गवतावरही गाडी लावू नका. चालून आलेल्या गाडीचा सायलेन्सर इतका तापलेला असतो की गवत त्याला टेकलं तर पेटू शकतं. काठीच्या होळीला रात्रभर गर्दी असते, होळी पहाटे पेटते आणि गाड्या वाळल्या शेतात लावतात. तिथे नांगरलेली किंवा साफ केलेली जमीन बघा. ठिणग्या वाऱ्याने कुठे जातील याचा अंदाज घ्या आणि गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा.

सारंगखेड्याला दत्त जयंतीची यात्रा भरते. तिथे घोड्यांच्या वाटेत गाडी नको. घोडा बिथरला तर लाथेने दरवाजा चेपतो आणि जनावरालाही लागतं. प्रकाशाला दर्शनाला जाल तेव्हा पावसाळ्यात गाडी तापीच्या काठाला खाली उतरवू नका. बॅरेजचे दरवाजे उघडले की खालचं पाणी वाढतं, मग आपल्याकडे पाऊस असो वा नसो. तरीही कधी गाडीत पाणी शिरलंच तर चावी फिरवून बघू नका. पाणी इंजिनात गेलेलं असेल तर सुरू करताना आतले भाग वाकतात आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो. गाडी ओढून न्यायची.

तोरणमाळच्या घाटात उतारावर उभं राहावं लागलं तर नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. तोंड चढाला असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स. चाकं डोंगराच्या बाजूला वळवा आणि चाकाखाली गोटा लावा. निघताना तो गोटा उचलून बाजूला टाका. रस्त्यात राहिलेल्या अशा गोट्यांवरून रात्री मोटारसायकलवाले पडतात. आपण फार कमी वेळा मागे वळून बघतो, मला याचा राग येतो. पावसात दरड सुटलेली दिसते त्या कड्याखाली तर चहा प्यायलाही थांबू नका.

घरी गाडी कडब्याच्या गंजीजवळ लावली की उंदीर बॉनेटमध्ये घर करतात आणि वायर कुरतडतात. कोणी तंबाखूची पानं ठेवतात, माझा त्यावर विश्वास नाही. गंजीपासून लांब लावा आणि आठ दिवसांनी बॉनेट उघडून बघा, एवढं पुरे.

शेवटी विम्याचं. नुसता थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतोच, पण त्यात समोरच्याचं नुकसान भरून मिळतं. आपल्या गाडीवर फांदी पडली, ती जळली किंवा बुडाली, तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीचं नुकसान धरणारा, पूर्ण विमा लागतो. पुढच्या बैठकीला पॉलिसीचा कागद आणा आणि त्यात काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. नुकसान झालंच तर गाडी हलवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि विमा कंपनीला फोन करा.

आणि रात्री गाडी कोणाच्या अंगणात राहील, चावी कोणाकडे असेल, हे ठरावाच्या वहीत नाव घालून लिहा. सगळ्यांनी सह्या करा, ड्रायव्हरचीही घ्या.