माद्रिदच्या टेबलावर कोणती बाटली?

माद्रिदमध्ये रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊच्या आत कुणी फारसं मनावर घेत नाही. बसायला जागा मिळते, पाव येतो आणि वाइनची यादी हातात पडते. तिच्यात आधी रंग असतो, म्हणजे पांढरी, गुलाबी, लाल; आणि रंगाखाली प्रदेशांची नावं. द्राक्षाचा वाण पुष्कळदा लिहिलेलाच नसतो, कारण प्रदेश सांगितला की वाण कळलाच, असं तिथे गृहीत धरतात. नवखा पाहुणा मग ओळखीचं एकच नाव शोधतो, रिओहा, आणि त्यातही ‘ग्रान रेसेर्वा’वर बोट ठेवतो. वाइन वाईट नसते, पण समोर तळलेली कोळंबी असली तर दोन्ही वाया जातात.

म्हणून आधी जेवण ठरवावं. समजा टेबलाशी चौघं आहेत. सुरुवातीला हामोनचे, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप, बदाम, ऑलिव्ह आणि भाजलेले आर्टिचोक. मग गॅलिसियाच्या पद्धतीने पापरिका घालून केलेला ऑक्टोपस किंवा मासा. शेवटी भट्टीत भाजलेलं कोकरू. एक जण शाकाहारी, त्याच्यासाठी भाजक्या मिरच्या, मश्रूम आणि मान्चेगो चीज. एवढ्या सगळ्याला एक बाटली पुरी पडत नाही, आणि चार बाटल्या उघडायची गरजही नसते.

पहिल्या बश्यांसोबत बहुतेक लोक कावा मागवतात. तो मुख्यतः कातालोनियातल्या पेनेदेस भागातला. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून त्यात बुडबुडे आणतात आणि तो तळाच्या यीस्टवर निदान नऊ महिने ठेवतात. अगदी कोरडा हवा असेल तर लेबलावर ‘ब्रुत नातुरे’ बघावं. त्यात लिटरला तीन ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. तळणासोबत तो छान जातो. पण माझं मत विचाराल तर इथे फिनो घ्यावी.

फिनो ही शेरीची सर्वांत कोरडी जात, आंदालुसियातल्या हेरेस गावच्या परिसरातली. शेरी म्हणजे आजीबाईंचं गोड पेय, हा समज इंग्रजी कादंबऱ्यांतून आपल्याकडे आला असावा. फिनोत गोडाचा मागमूस नसतो. पालोमिनो द्राक्षाची साधी पांढरी वाइन घेतात, तिच्यात द्राक्षाचाच मद्यार्क घालून प्रमाण १५ टक्क्यांवर नेतात आणि ओकच्या पिंपात भरतात, पण पिंप काठोकाठ भरत नाहीत. त्या मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते. तिला ‘फ्लोर’ म्हणतात. ही साय हवेला वाइनपर्यंत पोहोचू देत नाही आणि उरलीसुरली साखरही खाऊन टाकते. शिवाय जुन्या पिंपातून थोडी काढायची, तिथे त्याहून नव्या पिंपातली भरायची, असा क्रम वर्षानुवर्षं चालू असतो. म्हणून फिनोच्या बाटलीवर सहसा साल नसतं. यादीत साल दिसलं नाही म्हणून शंका घेऊ नये. समुद्रकाठच्या सानलुकार गावात मुरलेल्या अशाच वाइनला मान्सानिया म्हणतात. तिथल्या दमट हवेत साय जाड धरते, आणि वाइनला किंचित खारट चव असते.

आर्टिचोक बहुतेक वाइनचा घात करतो. त्यातल्या सायनरिन या द्रव्यामुळे नंतरचा घोट उगाच गोडसर लागतो. फिनो मात्र इतकी कोरडी असते की तिचं काही बिघडत नाही. ती पेल्यावर घ्यावी आणि थंडगार मागावी. बाटली कधी उघडली तेही जरूर विचारावं. आठवडाभर उघडी पडलेली फिनो घेण्यापेक्षा पाणी बरं.

माशाकडे वळलं की नकाशा उत्तरेला सरकतो. पोर्तुगालच्या वर, अटलांटिकला लागून, गॅलिसियाचा रियास बायशास हा भाग आहे. इथे पाऊस इतका की वेल जमिनीलगत ठेवला तर घड कुजतात. म्हणून ग्रॅनाइटच्या खांबांवर मांडव घालून अल्बारिन्यो हा वाण वाढवतात, खालून वारा खेळता राहावा म्हणून. नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदाराला तो मांडव पाहून परकं वाटणार नाही. थंड, ओल्या हवेमुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो, आणि माशाला लिंबू पिळतो तेच काम ही वाइन करते. यादीत ती महाग वाटली तर रुएदातली वेर्देहो बघावी. ती माद्रिदच्या वायव्येला पठारावर होते, सहसा स्वस्त पडते आणि भाज्यांसोबतही चालते.

आता लाल वाइन. रिओहा समजायला पिंप समजावं लागतं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधल्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत रिओहात उतरले. आरो गावच्या रेल्वे स्टेशनाभोवती वाइनची कोठारं उभी राहिली, आणि ओकच्या २२५ लिटरच्या पिंपात वाइन मुरवण्याची पद्धत रिओहाची ओळख झाली. इथे अमेरिकन ओक फार वापरला गेला, म्हणून जुन्या वळणाच्या रिओहाला व्हॅनिला आणि नारळाचा वास येतो. लेबलावरचे शब्द याच मुरवण्याचा हिशेब सांगतात. क्रियान्सा म्हणजे निदान दोन वर्षं, त्यातलं एक पिंपात. रेसेर्वा म्हणजे तीन वर्षं, त्यातही निदान एक पिंपात. ग्रान रेसेर्वा म्हणजे पाच वर्षं, त्यातली दोन पिंपात. हे शब्द वय सांगतात, चव चांगलीच असेल याची हमी देत नाहीत. ग्रान रेसेर्वात ताज्या फळाचा वास ओसरून चामडं, तंबाखू, सुकलेल्या पानांचा वास येतो. तो ज्याला आवडतो त्याने जरूर घ्यावी. भरल्या टेबलावर मी क्रियान्साच मागवते. तिच्यात फळ आणि लाकूड दोन्ही असतात आणि खिशालाही ती झेपते.

पण कोकरू असेल तर रिबेरा देल द्वेरोकडे बघा. द्राक्ष तेच, टेम्प्रानियो, फक्त तिथे त्याला तिंतो फिनो म्हणतात. बागा समुद्रसपाटीपासून बऱ्याच ठिकाणी ८०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर. दिवसा ऊन, रात्री कडक गारठा. त्यामुळे साल जाड होते, रंग गडद येतो आणि तुरटपणा वाढतो. कोकराची चरबी आणि प्रथिनं हा तुरटपणा मऊ करतात. शाकाहाऱ्याच्या मश्रूमला मात्र ही वाइन जड होईल. त्याला बिएर्सोतली हलकी मेन्सिया बरी. तो कट्टर असेल तर आणखी एक चौकशी करावी. पारंपरिक रिओहात वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात. व्हीगन असं लिहिलेल्या बाटल्या हल्ली मिळतात.

वाइन सुचवणाऱ्या वाढप्याशी, म्हणजे सोमेलियेशी, बोलताना संकोच नको. काय खाणार ते सांगायचं, हलकी हवी की भारदस्त ते सांगायचं, आणि यादीतल्या एका किमतीवर बोट ठेवून ‘या सुमाराची’ म्हणायचं. चारचौघांत पैशांचा उच्चार होत नाही आणि त्याला समजतं. तो आधी घोटभर ओततो ते आवडली का हे विचारायला नव्हे, बिघडली तर नाही ना हे तपासायला. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब आहे. बाटली परत करणं हा तुमचा हक्क. लाल वाइन उन्हाळ्यात कोमट आली तर दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगावी. सोळा ते अठरा अंश तिला पुरे.

हिशेब सोपा आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले बसतात. चौघांना फिनोचा एकेक पेला, पांढरीची एक बाटली आणि लालची एक, एवढ्यात जेवण पार पडतं. गोडाच्या वेळी पेद्रो हिमेनेस मागवा. द्राक्षं उन्हात वाळवून केलेली ही काळसर शेरी व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतून खातात. तिच्यात लिटरला अनेकदा ४०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, तेव्हा दोघांत एक पेला पुरे.