सहा रस, एक शून्य आणि गणिताचा तास

"पुस्तकात सगळे दिले आहे, मग तासाला कशाला बसायचे?" असे अकरावी-बारावीची हुशार मुले विचारतात. उलट, तास न चुकवता फळ्यावरचे सगळे उतरवून घेणारी मुले घरी वही उघडली की अडतात. या दोन्ही अडचणी समजून घ्यायला सोलापुरातूनच प्रसिद्ध झालेले एक जुने पुस्तक उपयोगी पडते.

महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' हा नवव्या शतकातील संस्कृत ग्रंथ. त्यात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची स्तुती आहे. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे सोलापूरहून कलबुर्गीच्या पुढे गेल्यावर लागणारे मळखेड. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. त्यात श्लोकांतून नियम आणि उदाहरणे आहेत. नियमामागचे कारण गुरूने सांगायचे किंवा वाचणाऱ्याने शोधायचे.

त्यातले एक उदाहरण सहा रसांचे आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांची मिश्रणे किती? दोन-दोन रस घेतले तर ६ × ५ ला १ × २ ने भागायचे, उत्तर १५. तीन-तीन घेतले तर ६ × ५ × ४ ला १ × २ × ३ ने भागून २०. उत्तर आले, पण पहिल्या वेळी २ ने का भागले? इथे एकट्याने कागद घेऊन बसावे हेच बरे. पहिल्या रसाला ६ पर्याय, दुसऱ्याला ५, म्हणून जोड्या ३०. पण यादी करू लागले की गोड-आंबट आणि आंबट-गोड अशा दोन्ही जोड्या त्यात आलेल्या दिसतात. मिश्रण मात्र एकच. हे ज्याला स्वतःला दिसले, तो तीन रसांच्या वेळी ६ ने भागण्याचे कारणही सांगू शकतो. तासाला आम्ही शिक्षक हे दोन मिनिटांत सांगून मोकळे होतो आणि मुलांची यादी करायची राहूनच जाते.

त्याच ग्रंथात दुसरा एक नियम आहे : शून्याने भागले असता संख्या बदलत नाही. हा नियम चूक आहे. पण छापील पानावर बरोबर नियम आणि चूक नियम सारखेच दिसतात, आणि ग्रंथकाराविषयी आदर असलेला एकटा वाचक सहज पुढे सरकतो. वर्गात मात्र कोणीतरी हात वर करतो : १२ मधून ४ तीन वेळा काढता येतात, म्हणून १२ ÷ ४ = ३; मग १२ मधून शून्य किती वेळा काढायचे? दुसरा ताळा करून पाहतो : १२ ला शून्याने गुणले तर १२ कुठे परत येतात? शिक्षकांना थांबावे लागते, लिहिलेले पुसावे लागते. ही पुसापुशी कोणत्याच पुस्तकात छापलेली नसते, आणि तासाला बसायचे ते तिच्यासाठी.

म्हणून पुढचा भाग आदल्या दिवशी पेन्सिल घेऊन वाचायला सांगावा आणि जिथे अडले ती ओळ वर्गात आणायला सांगावी. मुले एवढे करून आली, तर शून्याचा विषय एका तासात संपत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशा राशीला 'खहर' म्हटले आणि ती अनंत मानली. आजचे गणित तिला कोणतीच किंमत देत नाही. का, ते मुलांनाच शोधू द्यावे : १२ ÷ ० आणि १३ ÷ ० हे दोन्ही तेच अनंत असतील, तर त्याला शून्याने गुणल्यावर १२ मिळायचे की १३?