घरातलं रिव्हॉल्व्हर कोणाच्या हातासाठी?

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. .३२ बोअर, सहा काडतुसं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा वापर, वजन अवघं ५०० ग्रॅम आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या अमानुष घटनेने देश हादरला होता आणि हे शस्त्र महिलांसाठी असल्याचं सांगितलं जात होतं. पर्समध्ये मावेल इतकं हलकं, हा त्याचा मोठा गुण. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने ‘प्रबल’ आणलं. नळी ७६ मिलिमीटरची, काडतुसांशिवाय वजन ७०० ग्रॅम. चाप ओढायला सोपा असल्याने महिलांनाही वापरता येईल, असं त्याच्याबद्दल सांगितलं गेलं.

नागपूरला हा विषय परका नाही. अमरावती रोडवरची अंबाझरीची आयुध निर्माणी शहरातल्या कित्येक घरांची रोजीरोटी आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशभरातल्या आयुध निर्माणी सात कंपन्यांत विभागल्या गेल्या. त्यातल्या ‘यंत्र इंडिया’चं मुख्यालय नागपुरात आलं, दारूगोळ्याच्या ‘म्युनिशन्स इंडिया’चं पुण्यात आणि रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या कंपनीचं कानपुरात. शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये बंगला बांधून राहणारं निवृत्त जोडपं, रात्री उशिरा दुकान बंद करून रोकड घरी आणणारा व्यापारी, मुलं पुण्या-बंगळुरूला गेल्यावर एकटे पडलेले आईवडील, अशा घरांत कधी ना कधी प्रश्न निघतो: परवाना काढून एखादं शस्त्र ठेवावं का? आणि ठेवलंच, तर दोघांनाही चालवता येईल असं कोणतं? या प्रश्नाचं बरंचसं उत्तर भौतिकशास्त्र आणि शरीरशास्त्र देतं. उरलेलं मात्र त्या दोघांनीच शोधायचं असतं.

हलक्या शस्त्राचा धक्का

.३२ रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण ६.३५ ग्रॅमची असते आणि आखूड नळीतून ती सेकंदाला सुमारे २२० मीटर वेगाने सुटते. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. गोळीला पुढे जेवढा संवेग मिळतो, तेवढाच शस्त्राला मागे मिळतो. सुटणाऱ्या वायूंचा वाटा बाजूला ठेवला, तर या गोळीमुळे ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने मागे येतं. ५०० ग्रॅमचं असेल, तर २.८ मीटर वेगाने. धक्क्याची ऊर्जा १.४ ज्यूलवरून जवळपास २ ज्यूलवर जाते, म्हणजे ४० टक्क्यांनी वाढते. काडतूस तेच, गोळी तीच, फक्त शस्त्र हलकं झालं.

बाळगायला हलकं शस्त्र सोयीचं, पण झाडताना तेच हाताला जास्त झटका देतं. शिवाय नळीची रेषा मुठीच्या वर असल्यामुळे धक्का सरळ मागे न येता शस्त्राचं तोंड वर उचलतो. मूठ जितकी वरून आणि घट्ट धरलेली, तितकी ही उसळी कमी. मूठ आखूड असेल, तर करंगळीला जागाच उरत नाही आणि पकड ढिली पडते. म्हणून दिवसभर पर्समध्ये वागवायचं शस्त्र आणि घरात कुलपात ठेवायचं शस्त्र यांची निकड वेगळी आहे. घरात ठेवायचं असेल, तर दोनशे ग्रॅम वजन जास्त असलेलं बरं. ते दोघांच्याही मनगटाला सोसवतं.

पकड आणि चाप

धक्क्याइतकाच महत्त्वाचा आहे चाप. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी हाताने मागे ओढून ठेवला नसेल, तर चाप ओढणाऱ्या एकाच बोटाला दोन कामं करावी लागतात: सिलिंडर फिरवणं आणि स्प्रिंगविरुद्ध घोडा मागे नेणं. त्यासाठी साधारण ४ ते ६ किलोंचा जोर लागतो. तेलाचा पाच लिटरचा भरलेला कॅन तर्जनीच्या एका पेराने उचलून पाहा, म्हणजे अंदाज येईल. हा जोर शस्त्राच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे बोट कमी पडलं की सगळा हात ताणला जातो आणि नळी बाजूला सरकते.

स्त्रियांच्या पकडीची ताकद सरासरीने पुरुषांच्या सुमारे ६० टक्के असते, असं अनेक देशांतल्या मोजमापांत दिसून आलं आहे. हाताची लांबीही सरासरीने एक-दीड सेंटीमीटर कमी असते. चापापर्यंत बोटाचं मधलं पेर सहज पोहोचणं आणि टोक कसंबसं पोहोचणं, यातला फरक एवढ्यानेच पडतो. पण सरासरीवरून घरातल्या माणसाचं माप काढता येत नाही. साठी उलटलेल्या, संधिवाताने बोटं आखडलेल्या नवऱ्यापेक्षा पन्नाशीतल्या बायकोची पकड मजबूत असू शकते. म्हणून ‘बायकांचं शस्त्र’ आणि ‘पुरुषांचं शस्त्र’ ही विभागणीच चुकीची आहे. दोघांपैकी ज्याची पकड कमी, ज्याचं बोट आखूड, त्याच्या मापाने निवड करावी. जोरकस हाताला सोपा चाप चालतो, अशक्त हाताला कठीण चाप चालत नाही.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. नागरिकांना परवान्यावर मिळणाऱ्या .३२ च्या छोट्या पिस्तुलांत बहुधा सरकत्या भागाचं वजन आणि त्याची स्प्रिंग एवढंच बळ स्फोटाच्या क्षणी काडतुसाला जागेवर धरून ठेवतं. त्यामुळे ती स्प्रिंग कडक ठेवावी लागते आणि पहिलं काडतूस नळीत चढवायला सरकता भाग दोन्ही हातांनी जोराने मागे ओढावा लागतो. अनेकांना नेमकं तेच जमत नाही. रिव्हॉल्व्हरला असा भाग नाही. भारतीय आयुध निर्माणींची जुनी .३२ रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडतात, ‘प्रबल’चं सिलिंडर बाजूला सरकतं. दोन्ही प्रकारांत सहाही घरं एका नजरेत दिसतात. शस्त्र भरलेलं आहे की रिकामं, हे दोघांनाही निःशंकपणे पाहता येणं ही घरातल्या शस्त्राची सर्वांत मोठी गरज आहे आणि रिव्हॉल्व्हर ती चांगली भागवतं.

नेमाचं गणितही कडक आहे. आखूड रिव्हॉल्व्हरच्या पुढच्या माशीत आणि मागच्या खाचेत साधारण १० सेंटीमीटरचं अंतर असतं. त्यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर पाच मीटरवर गोळी पाच सेंटीमीटर बाजूला जाते. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठर होतं, तेव्हा हाताच्या अंतरावरची ती माशी चष्म्याशिवाय धूसर दिसते. आणि मध्यरात्री दचकून उठलेला माणूस चष्मा शोधत बसत नाही.

अंधार, भिंती आणि कान

मे महिन्यातल्या नागपूरच्या रात्री घराघरांत कुलर घरघरत असतो. खिडकीची जाळी कापल्याचा आवाज त्यात कुठल्या कुठे विरून जातो. चाहूल लागलीच, तर ती फार उशिरा, चोर खोलीच्या दाराशी आल्यावर. त्या क्षणी शरीरात ॲड्रेनलिन उसळतं, हृदय धडधडतं, हात कापू लागतात, नजर एका बिंदूवर खिळते आणि जवळचं स्पष्ट दिसेनासं होतं. मोठ्या स्नायूंना बळ येतं, पण कुलपाची किल्ली फिरवण्यासारखी बारीक कामं बिघडतात. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि दिवा लावताच ती सवय मोडते. दारातली सावली चोराची आहे, रात्रीच्या गाडीने न कळवता आलेल्या मुलाची आहे, की पाणी प्यायला उठलेल्या बायकोची, हे ओळखण्याची मेंदूची क्षमता त्या वेळी सर्वांत कमी असते.

.३२ ची गोळी नळीतून सुटते तेव्हा तिच्यात सुमारे दीडशे ज्यूल ऊर्जा असते. विटांच्या भिंतीत ती अडेल, पण फ्लॅट स्कीममधलं प्लायवूडचं दार, काच किंवा पातळ पार्टिशन तिला थांबवेलच असं नाही. त्यापलीकडे शेजाऱ्याचं झोपलेलं घर असतं. हँडगनचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो आणि १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या लाटा त्यात भर घालतात. ती इजा गोळी झाडणाऱ्याला होते, तशीच शेजारी उभ्या असलेल्या जोडीदारालाही.

नागपूरच्या हवेचाही हिशेब ठेवायला हवा. इथला पारा उन्हाळ्यात ४७ अंशांपर्यंत चढतो. काडतुसातली दारू नायट्रोसेल्युलोजची असते. ती संथपणे विघटित होत असते आणि उष्णता तो वेग वाढवते. ते विघटन रोखणारं रसायन दारूत मिसळलेलं असलं, तरी गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा बंद गाडीत काडतुसं ठेवणं म्हणजे त्यांचं आयुष्य कमी करणं. पुढे पावसाळ्याचा दमटपणा आणि हाताच्या घामातलं मीठ मिळून पोलादावर गंज चढवतात. साफसफाई दोघांनाही यायला हवी आणि त्यातली पहिली पायरी प्रत्येक वेळी एकच: शस्त्र रिकामं आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं.

परवाना व्यक्तीचा असतो

शस्त्राचा परवाना कुटुंबाला मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार तो व्यक्तीच्या नावाने निघतो. नागपूर शहरात त्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण, आरोग्याचं प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी यांवर भर दिला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरवलं आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. ९ मिलिमीटरची पिस्तुलं सामान्य नागरिकाला मिळत नाहीत.

नवऱ्याच्या नावावरच्या परवान्यामुळे बायकोला ते शस्त्र वापरण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही, हे अनेक घरांत ठाऊकच नसतं. दोघांनी वापरायचं मनात असेल, तर दोघांची कागदपत्रं, दोघांचं प्रशिक्षण आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाशी आधीच स्पष्ट बोलणं आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा अधिकार ३४ ते ४४ या कलमांत आहे. बचावासाठी आवश्यक तेवढाच बळाचा वापर, ही त्याची मर्यादा. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत झाडलेली गोळी या मर्यादेत बसवणं कठीण आहे.

घरफोड्या करणाऱ्यांना हवं असतं ते बंद घर. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंब गावी गेलं की कुलूप फुटतं. त्या वेळी शस्त्र चालवायला घरात कोणी नसतं आणि तिजोरीतलं शस्त्र स्वतःच लुटीचा माल होतं. निवडणुका लागल्या की बऱ्याच परवानाधारकांना शस्त्र पोलिसांकडे जमा करावं लागतं. म्हणजे काही आठवडे घराचं रक्षण कडी, जाळी आणि शेजार यांनाच करावं लागतं.

घरातल्यांचाच धोका

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १ कोटी ७६ लाख प्रौढांची बारा वर्षांची माहिती तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या स्वतःच्या मालकीचं शस्त्र नाही, पण जे हँडगनच्या मालकासोबत एका घरात राहतात, त्यांचा खून होण्याचं प्रमाण शस्त्र नसलेल्या घरांतल्या माणसांच्या दुपटीहून अधिक निघालं. घरातच जोडीदाराकडून गोळी लागून मारलं जाण्याचं प्रमाण तर सुमारे सात पट. अशा बळींत ८४ टक्के स्त्रिया होत्या. परक्या हल्लेखोरापासून बचाव झाल्याचा पुरावा मात्र हाती लागला नाही. आत्महत्येवरचा त्यांचा २०२० चा अभ्यासही असाच चिंता वाढवणारा होता.

तिथला समाज वेगळा, कायदे वेगळे, हे खरं. पण रागाचा झटका, दारूची सवय, नैराश्याची लाट या गोष्टी सगळीकडे आहेत. शस्त्र विकत घेताना मनासमोर चोर असतो, प्रत्यक्षात ते वर्षानुवर्षं घरातल्या माणसांसोबत राहतं. त्यांच्या भांडणांत, आजारपणांत, मुलांच्या परीक्षांच्या दिवसांतही ते तिथेच असतं.

ठरवायचं कसं?

ज्यांना खरोखर धोका आहे आणि ज्यांनी विचारपूर्वक परवाना घेतला आहे, त्यांच्यासाठी निवडीचे निकष सरळ आहेत. परवानाधारक विक्रेत्याकडे दोघांनी मिळून जावं आणि रिकामं शस्त्र दोघांनीही हातात घेऊन पाहावं. मनगट न वाकवता बोट चापावर नीट बसतं का, नळी न हलवता चाप पूर्ण ओढता येतो का, सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी करता येतात का, हे तपासावं. एकालाही जमलं नाही, तर ते शस्त्र दोघांचं नाही. अधिकृत रेंजवर कानांना संरक्षण लावून दोघांनी सराव करावा आणि तो वर्षानुवर्षं चालू ठेवावा. शस्त्र भिंतीत पक्क्या बसवलेल्या पेटीत, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली कुठे असते हे मुलांना कधीही कळू नये.

त्याआधीची कामं स्वस्त आणि हमखास उपयोगाची आहेत. खिडक्यांना जाड लोखंडी ग्रिल, आतून भक्कम बंद होणारं झोपायच्या खोलीचं दार, अंगणात हालचालीने पेटणारा दिवा, उशाशी मोबाइल आणि ११२ क्रमांक, गावाला जाताना विश्वासू शेजाऱ्याला दिलेली खबर. रात्री आवाज आला, तर सगळ्यांनी एका खोलीत येऊन कडी लावणं आणि पोलिसांना बोलावणं हाच पहिला बेत असावा. तो प्रत्येकाला पाठ हवा, आजीला आणि नातवालाही.

हे सगळं झाल्यावरही शस्त्र हवंसं वाटलं, तर शेवटची अट एकमताची. दोघांपैकी एकाला त्याची भीती वाटत असेल, जोडीदाराच्या रागाची किंवा स्वतःच्या मनःस्थितीची काळजी वाटत असेल, तर तो नकार कारण न विचारता मानला जावा आणि शस्त्र घरात येऊ नये. धक्का, चाप आणि पकड यांची मापं दुकानात घेता येतात. त्या घरात शस्त्रासोबत राहायचं का, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याला किंवा तिला आहे, ज्याच्या नावावर परवाना नाही.