मामांचे चाळीस कट्टे आणि माझा फ्रेमवर्क

'फ्रेमवर्क कोणता घेऊ?' हा प्रश्न आपल्याकडे 'ओरलला काय विचारतात?' याच्या खालोखाल विचारला जातो. उत्तर बहुधा हॉस्टेलच्या रूमवरच ठरतं: सिनियरने घेतला तो! मीही तेच केलं आणि तोंडावर आपटलो. तोच किस्सा सांगतो.

माझे मामा वडिवळ्याचे. कामशेत स्टेशनला उतरून आत जायचं. कुंडली नदीवरचं धरण, आजूबाजूला डोंगर आणि खाचरांत इंद्रायणी. ही भाताची जात मावळातलीच, वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेली. मामा दरवर्षी व्यापाऱ्याला माल देतात आणि पुण्यातला भाव ऐकून हळहळतात. मी म्हटलं, "मामा, वेबसाइट करू. गिऱ्हाईक थेट ऑर्डर देईल." माझ्या शब्दावर त्यांनी २५ किलोचे चाळीस कट्टे बाजूला ठेवले. म्हणजे आता माझा प्रोजेक्ट फक्त मार्कांचा राहिला नव्हता.

आधी फ्रेमवर्क म्हणजे काय ते बघू. लॉगिन, फॉर्म तपासणं, डेटाबेसशी बोलणं ही कामं प्रत्येक वेब अॅप्लिकेशनमध्ये तीच असतात. ती आधीच लिहून, तपासून ठेवलेला सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. आपण फक्त आपलं वेगळेपण लिहायचं. पण सांगाडा एकदा घेतला, की घराचा आकार त्याच्याच कलाने जातो.

मी रिअॅक्ट घेतलं. (खरं तर ती लायब्ररी, पण भांडू नका!) सगळं पान ब्राउझरमध्येच तयार व्हायचं. लॅबमध्ये एकदम झकास. वडिवळ्याच्या अंगणात मात्र मामांच्या मोबाईलवर पांढरा पडदा आणि गोल फिरणारं चाक. जावास्क्रिप्टची जड फाईल पूर्ण उतरेपर्यंत दिसायलाच काही नाही! मामा म्हणाले, "आरं, चाक फिरतंय नुसतं. तांदूळ कुठंय?"

कसंबसं पान उघडलं, तर दुसरी गंमत. मामांनी शिल्लक कट्टे मराठी आकड्यांत टाकले, '४०'. जावास्क्रिप्टने ती संख्याच मानली नाही. दोष भाषेचा नव्हता, माझा होता. मामा आकडे कसे लिहितात हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग शांतपणे बसून तीन प्रश्न लिहिले. वापरणाऱ्याचा फोन आणि नेटवर्क कसं आहे? रोजचं काम कोण सांभाळणार? आणि मी बी.ई. होऊन गेल्यावर हे चालेल का?

उत्तर आलं जँगो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत २००३ च्या सुमारास याची सुरुवात झाली आणि २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. बातमीच्या घाईत झटपट पानं काढायची ही मूळ गरज. त्यामुळे माहिती भरायची अॅडमिन स्क्रीन आयतीच मिळते. मामांची ऑर्डरवही मला लिहावीच लागली नाही. पान सर्व्हरवरच तयार होऊन हलकं येतं. पायथनला मराठी '४०' थेट समजतो. आणि त्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. तुमची उत्तरं वेगळी आली, तर फ्रेमवर्कही वेगळा येईल. लारावेल, रेल्स, काहीही. प्रश्न मात्र हेच ठेवा.

आता लाँच. मी हुशारी केली, लिंक सगळ्यांना न देता फक्त दहा घरांना दिली. बरं झालं! शेवटचा एक कट्टा दोघांना विकला गेला. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं, दोघांनाही शिल्लक 'एक' दिसली. उपाय म्हणजे ट्रान्झॅक्शन. डेटाबेसमधली शिल्लकीची ओळ कुलूपबंद करायची, कट्टा वजा करायचा, मगच पुढच्याला आत घ्यायचं. डीबीएमएसच्या पेपरला हे पाठ करून लिहिलं होतं, समजलं वडिवळ्यात. त्या दुसऱ्या घरी मामांनी घरच्या खाण्याचा कट्टा पाठवला. मला काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

तेव्हा मित्रांनो, लाँचच्या आदल्या रात्री एवढं बघा: डीबग मोड बंद, एचटीटीपीएस चालू, बॅकअप घेतलेला आणि तो परत भरूनही पाहिलेला. आणि एकदा तरी अॅप्लिकेशन लॅबबाहेर, खऱ्या माणसाच्या हातात द्या.

चाळीसही कट्टे गेले. यंदा मामा साठ ठेवणार म्हणतात. सबमिशनपेक्षा मला त्याचंच टेन्शन आहे!