मृदा आरोग्य पत्रिकेतील तेरावा रकाना

डीएपीच्या गोणीत ४६ टक्के स्फुरद असते. ही गोणी आयात होते, आणि देशात तयार झाली तरी तिच्यासाठीचे रॉक फॉस्फेट वा फॉस्फोरिक आम्ल बहुतांशी परदेशातूनच येते. २०२१ पासून चीनने निर्यातीवर वेळोवेळी निर्बंध घातले, तेव्हा या परावलंबनाची चर्चा झाली. जमिनीत टाकलेल्या स्फुरदाचे पुढे काय होते, याची मात्र फारशी झाली नाही.

त्याचा बराचसा भाग चुनखडीयुक्त जमिनीत कॅल्शियमशी, तर आम्लधर्मी जमिनीत लोह व ॲल्युमिनियमशी बांधला जातो. उरलेले स्फुरद जागचे फारसे हलत नाही. मुळाभोवतीचा एकदोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की पीक उपाशी राहते. त्यापलीकडे पोहोचतात ते मायकोरायझा बुरशीचे तंतू. मुळांवरील केशांहूनही बारीक असलेले हे तंतू काही सेंटिमीटर अंतरावरून स्फुरद आणि जस्त ओढून आणतात, मुळाच्या पेशींत शिरून झाडासारख्या फांद्या फोडतात आणि तेथे साखर व मेद यांच्या मोबदल्यात ही अन्नद्रव्ये पिकाच्या हवाली करतात. वनस्पती त्यासाठी आपल्या कर्बाचा ४ ते २० टक्के वाटा खर्च करते. हा सौदा ४० कोटी वर्षांचा आहे. स्फुरद आयते मिळू लागले, की वनस्पती तो आखडता घेते. म्हणजे गरजेपेक्षा जास्त डीएपी टाकणारा शेतकरी गोणीबरोबरच हा पुरवठाही गमावतो.

आपले धोरण मात्र गोणीतलेच मोजते. २०१० पासूनचे पोषणमूल्याधारित अनुदान किलोच्या हिशेबाने दिले जाते. २०१५ मध्ये राजस्थानातील सुरतगडहून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ निकष आहेत: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये. जमिनीतील सजीवांसाठी एकही नाही.

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत मायकोरायझा जैवखत आले, हे खरे. पण ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, मोहरीच्या कुळाशी तिचे जमत नाही आणि चिखलणी केलेल्या भातशेतीत ती क्षीण होते. त्यामुळे गोणीऐवजी पाकीट, हा मार्ग फसवा आहे. शेतात आधीपासून असलेली बुरशी राखणे अधिक स्वस्त. गव्हाला शिफारशीइतके स्फुरद दिले असेल तर पुढच्या भाताला ते देऊ नका, असे पंजाब कृषी विद्यापीठ सांगत आले आहे. अनुदानाच्या रचनेत या सल्ल्याला बक्षीस नाही.

मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे प्रमाण मोजण्याची पद्धत जुनी व कमी खर्चाची आहे. निवडक जिल्ह्यांतील माती प्रयोगशाळांना त्यासाठी प्रशिक्षित माणसे देऊन पत्रिकेत तेरावा रकाना सुरू करता येईल.