ईथरनेट आभासी खाजगी जाळे

ईथरनेट आभासी खाजगी जाळे (ईव्हीपीएन) हे दूरदूरची केंद्रे एकाच स्थानिक जाळ्याप्रमाणे जोडणारे तंत्र आहे. त्याचे मानक, आरएफसी ७४३२, फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पत्त्यांची संख्या

मॅक पत्त्यावरून यंत्राचे स्थान कळत नाही. त्यामुळे पिनकोडप्रमाणे पत्त्यांचे गट पाडता येत नाहीत. राउटरला प्रत्येक पत्ता स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. पीबीबी-ईव्हीपीएन या प्रकारात ग्राहकाची फ्रेम दुसऱ्या फ्रेममध्ये गुंडाळतात आणि बाहेरचे मोजके पत्तेच जाहीर करतात.

यंत्राचे स्थलांतर

यंत्र हलल्यावर जुनी नोंद राहिल्यास माहिती चुकीच्या ठिकाणी जाते. म्हणून नवा राउटर तोच पत्ता वाढीव क्रमांकासह जाहीर करतो. तो पाहून जुना राउटर आपली नोंद मागे घेतो. १८० सेकंदांत ५ स्थलांतरे आढळल्यास एकच पत्ता दोन यंत्रांना असल्याचे मानून जाळेचालकाला सूचना दिली जाते.